वाचकांचे प्रश्न : ‘वडिलांचं चपलांचं काम अर्जात लिहू का?’

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एमबीएच्या प्रवेशाचीच पत्रं जास्त आहेत. त्यातलं निपाणीच्या एका मुलीचं पत्र थोडं काटछाट करून आधी देते. तिला उत्तर देताना बाकीच्यांच्या बऱ्याच शंका त्यातच येऊन जातील.

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. मी निपाणीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बी.कॉम. बी.कॉम.ला ६४ टक्के पडले. मला मार्केटिंगमध्ये एमबीए करायचंय. आमच्या घरी कोल्हापुरी चपलांचं काम आहे. बाबा आणि काका तळ कापतात, शिवतात. आई आणि काकू वेण्या घालतात. हिशेब आणि फोनवरच्या ऑर्डरी माझ्याकडं. पावसाळ्यात माल हलत नाही, कातडं भिजतं म्हणून कोणी घेत नाही. तेव्हा बाबा व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि दिवाळीला तो म्हणेल त्या भावात माल द्यावा लागतो.

एका खासगी विद्यापीठाच्या अर्जात पाचशे शब्दांत लिहायचंय की हाच अभ्यासक्रम का निवडला. मैत्रिणीनं तिच्या क्लासमधला तयार नमुना दिलाय. त्यात ‘लहानपणापासून मला ब्रँडच्या दुनियेचं आकर्षण होतं’ असं काहीतरी आहे. चपलांचं लिहावं असं वाटतं, पण लिहिलं की आमची जात कळते. कॉलेजात यावरून एकदा नको ते ऐकून घेतलंय. दुसरं म्हणजे अर्ज कर्नाटकातून करू की महाराष्ट्रातून? महाराष्ट्रात आपण परराज्यातले, असं इथं सगळे म्हणतात. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, बोलताना मात्र अडखळते.

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला तारखांचं बंधन आहे.

महाराष्ट्रात आपण परराज्यातले, हे सरसकट खरं नाही. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश नियमांत महाराष्ट्र-कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागासाठी वेगळी तरतूद आहे. सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी तिथं महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करू शकतो. महाराष्ट्रानं ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितलाय त्यांत निपाणी येते. अर्जात ‘उमेदवारीचा प्रकार’ विचारतात, तिथं ‘ई’ हा प्रकार या मुलांसाठी आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं तो रकाना न वाचता ‘महाराष्ट्राबाहेरचे’ हा पर्याय निवडतात. मग त्यांच्या वाट्याला अखिल भारतीय कोट्यातल्या जेमतेम १५ टक्के जागा येतात, आणि त्यांसाठी सगळ्या देशातली मुलं रांगेत असतात. फॉर्म भरून झाला की हा प्रकार बदलताना फार यातायात होते. म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या हातात फॉर्म देऊन बाजूला बसू नकोस. तो रकाना तू स्वतः भर.

यासाठी दोन दाखले लागतात, सीमाभागाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्ही माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच हवेत. गावातल्या पुढाऱ्याच्या लेटरहेडवर आणलेला कागद तिथं चालत नाही. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असेल तर तिथं काय लिहिलंय ते आजच बघ. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांच्या दाखल्यावरही कारकुनानं सवयीनं ‘कन्नड’ लिहून ठेवलेलं मी पाहिलंय. दुरुस्ती होते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांपासून शिक्षण खात्यापर्यंत फिरावं लागतं. मेरिट लिस्ट लागायच्या आठवड्यात ते जमत नाही.

नावाचंही तसंच. आपल्याकडच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर नाव आधी आणि आडनाव मागं, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. महाराष्ट्राच्या फॉर्मवर बहुधा आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. त्यात कन्नडमधून इंग्रजीत आणताना आडनावाचं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि पदवीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेव.

आता कर्नाटकाचं. इथं पीजीसीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची. ती कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ इथल्या एमबीएचा रस्ता तिथून जातो. पहिल्या दोन विद्यापीठांची ठिकाणं, भूतरामनहट्टी काय आणि मच्छे काय, दोन्ही बेळगावच्या अंगणातच आहेत. राहण्या-जेवणाचा खर्च धरला तर पुण्यापेक्षा हे कितीतरी परवडतं. हे वाचणाऱ्या खेड्यातल्या मुलांसाठी जाता जाता सांगते : पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असेल तर कर्नाटकात ग्रामीण आरक्षण मिळतं आणि शाळा मराठी होती म्हणून ते अडत नाही. दाखला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचा लागतो.

दोन्हीकडं अर्ज कर, असंच मी सांगेन. परीक्षा वेगवेगळ्या, पण अभ्यास बराचसा एकच. महाराष्ट्राच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, गेल्या काही वर्षांत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, कर्नाटकाच्या परीक्षेत १०० प्रश्न आणि दोन तास. दोन्हीकडं चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. महाराष्ट्राच्या परीक्षेत आकृत्यांचे २५ प्रश्न असतात. त्यांना भाषा लागत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी आधी हे २५ आणि तर्काचे ७५ पक्के करावेत. गणिताचे ५० बी.कॉम.वाल्याला जड नाहीत. इंग्रजीच्या ५० प्रश्नांसाठी रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाच आणि वाचून झाला की त्यातला मुद्दा मराठीत आईला सांग. सांगता आला तर समजला.

पैशाचं एक सांगते. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी असतो ते राज्य देतं, कॉलेज कुठंही असो. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर तू पुण्यात शिकत असलीस तरी अर्ज कर्नाटकाकडंच करायचा. महाराष्ट्रातल्या राखीव जागेवर मात्र विसंबू नकोस. तिथं त्या राज्याचा जातीचा दाखला आणि पडताळणी मागतात. खुल्या गटाच्या गुणांची तयारी ठेव.

आणखी एक. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला ‘मार्केटिंग’ अशी वेगळी जागाच नसते. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं : हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, माणसांचं व्यवस्थापन. विशेष विषय बहुधा दुसऱ्या वर्षाला निवडायचा, मधल्या सुट्टीत एखाद्या कंपनीत इंटर्नशिप. ‘मार्केटिंगची सीट मिळवून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचार, कुठल्या सेमिस्टरला?

सरकारी प्रवेशफेरीत निबंध नाही, मुलाखत नाही, फक्त गुण. निबंध मागतात ती खासगी विद्यापीठं आणि स्वतःची परीक्षा घेणाऱ्या संस्था. तिथं तुझा खरा प्रश्न सुरू होतो.

मैत्रिणीचा नमुना बाजूला ठेव. मी मुलाखत मंडळांवर बसले आहे. एका सकाळी वाचायला मिळालेल्या गठ्ठ्यात निम्मे अर्ज ‘लहानपणापासून’नं सुरू होतात, आणि दुपारी त्यातला एकही आठवत नाही. तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मात्र मला आठवतात, पावसाळ्याची उचल आणि दिवाळीचा भाव. तू ती घरची अडचण म्हणून लिहिलीस. मार्केटिंगचा प्राध्यापक ती वाचून खुर्चीत सरसावून बसेल. त्यात मागणीचा हंगाम आहे, माल साठवायला लागणारं भांडवल आहे आणि भाव ठरवायचा हक्क कारागिराच्या हातातून का जातो याचं कारण आहे. एवढं पुस्तकातून कळायला मुलांना एक सेमिस्टर लागतं.

म्हणून निबंधाची सुरुवात त्या उचलीपासून कर. एका हंगामाचा खरा हिशेब मांड. किती जोड गेले, कातड्याला किती लागले, व्यापाऱ्यानं जोडामागं किती दिले, कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत तोच जोड काय भावानं विकला गेला. वही तुझ्याकडंच आहे. आकडे वाढवू नकोस, कमीही करू नकोस. मुलाखतीत त्यावरच विचारतील आणि खरा आकडा असला की जीभ अडखळत नाही.

त्यानंतर तुला काय करून बघायचंय ते लिही. विचाराला एक धागा देते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळालं. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं त्याची मालक आहेत. म्हणजे तुझ्या बाबांनी निपाणीत शिवलेला जोड कायद्यानं अस्सल कोल्हापुरी आहे. पण तो विकत घेणाऱ्या पुण्याच्या बाईंना हे माहीत आहे का? जोडावर कुठं लिहिलेलं असतं का? आणि मानांकनाचं चिन्ह लावायचं तर कारागिराची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद व्हावी लागते. बाबांची झालीय का, विचार. झाली नसेल तर निबंध लिहायच्या आधी तो अर्ज भर. एमबीएला प्रवेश मिळो न मिळो, घरात एक चांगलं काम होईल. झाल्यावर त्याबद्दल लिहायलाही तुझा हक्क राहील.

प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचं नाव तुझ्या मनात आलं असणारच. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, कोल्हापुरीचं नाव न घेता. ओरड झाल्यावर त्यांनी भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करारही झाला. विषय मोठा आहे, मला त्याचा रागही आला होता. तरी निबंधाची सुरुवात त्यानं करू नकोस. ती बातमी सगळ्यांनी वाचलीय आणि शेकडो अर्जांत ती असणार. बाबांच्या वहीतलं पान फक्त तुझ्याकडं आहे.

एक परिच्छेद वस्तूला दे. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, खिळा न मारता वादीनं शिवलेला तळ, अंगठा, पट्टा, कान, वेणी. कुठल्या कामाला किती वेळ लागतो आणि कुठलं काम बायकांच्या हातून होतं तेही लिही. आईच्या वेणीचे पैसे हिशेबात वेगळे धरले जातात का? मला वाटतं, नसतील. तसं असेल तर तेही लिही. मार्केटिंगवाल्यांना किंमत कशी ठरते हे शिकवतात, आणि घरातल्या बायकांची मजुरी शून्य धरून ठरलेली किंमत मुळातच चुकीची असते.

आता जातीचं. तू विचारलंयस म्हणून मोकळेपणानं सांगते. लिहायचं की नाही हा निर्णय तुझा. कोणाही परीक्षकाला तो तुझ्याकडून मागायचा अधिकार नाही, मलाही नाही. कॉलेजात जे कोणी बोललं त्याची शरम बोलणाऱ्याला वाटायला हवी. पण बोलणं ऐकून घ्यावं लागतं ते तुला, हे मी विसरत नाही. माझं मत विचारशील तर लिही. कारण कसब, हिशेब आणि बाजार ही तिन्ही तुझ्या घरात आहेत आणि ती लपवून लिहिलेला निबंध कोणाचाही असू शकतो. अनुभव लिहायचा तो कामाचा, उतरंडीचं दुःख त्यांच्यापुढं मांडलंच पाहिजे असं नाही. मुलाखतीत कोणी आडून जातीकडं वळलं तर शांतपणे म्हण, ‘ती माहिती अर्जात दिलेली आहे. मी आमच्या मालाच्या वितरणाबद्दल सांगत होते.’ आणि वितरणावर ये. मंडळावरची बाकीची माणसं तुझ्या बाजूनं असतील.

निबंध आधी मराठीत लिही. पूर्ण झाला की इंग्रजीत पुन्हा मांड, छोटी छोटी वाक्यं करून. इंग्रजीच्या सरांना फक्त व्याकरण बघायला सांग, वाक्यं सजवायला नको. शिफारसपत्र मागितलं असेल तर ज्यांनी तुला वर्गात पाहिलंय अशा प्राध्यापकांकडून घे. आमदारांच्या पत्राला घरच्यांनी कितीही आग्रह धरला तरी ते तुला ओळखत नाहीत, हे पहिल्या ओळीतच दिसतं.

बोलण्याचं म्हणशील तर रोज एक चप्पल हातात घे आणि आरशासमोर दोन मिनिटं इंग्रजीत ती वीक. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बदल : मुंबईची विद्यार्थिनी, हुबळीचा दुकानदार, परदेशी पाहुणा. गटचर्चेत पहिलं किंवा दुसरं वाक्य तुझं असू दे, आणि त्यात एक खरी गोष्ट असू दे. पुढं गलका वाढतो आणि भिडस्त मुलं तिथंच अडकतात. आणि भाषांच्या रकान्यात नुसतं ‘मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी’ लिहून थांबू नकोस. हुबळीच्या दुकानदाराची ऑर्डर तू कन्नडमध्ये घेतेस आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याशी मराठीत भाव करतेस, असं लिही. दोन राज्यांत माल विकणाऱ्या कंपनीला अशी माणसं शोधावी लागतात.

निबंध झाला की मला पाठव. मी वाचेन.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. मुलीला पुण्यात एमबीएला घालायचंय. बेळगावच्या एका एजंटानं मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की करतो म्हणून आगाऊ तीन लाख रोख मागितलेत. पावती नंतर देतो म्हणतो. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. मॅनेजमेंट कोटा कायदेशीर असतो, पण त्याची फी कॉलेजच्या खात्यात भरायची आणि पावती त्याच वेळी घ्यायची. त्याबाहेर रोख मागणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि ती घेणं कर्नाटकात १९८४ च्या आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या कॉलेजच्या कार्यालयात तुम्ही स्वतः मुलीला घेऊन जा. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का, वसतिगृहासकट दोन वर्षांची एकूण फी किती, मागच्या वर्षी किती मुलांना कुठं आणि किती पगारावर नोकऱ्या लागल्या, हे लेखी मागा. सरासरी पगार सांगितला तर पगारांच्या चढत्या यादीत मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार विचारा, कारण एकाला मोठी रक्कम मिळाली की सरासरी फुगते. आणि मुलीनं सीईटी दिलीय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल तर वरच्या उत्तरातला सीमाभागाचा रकाना आधी वाचा. खानापूरलाही तो लागू आहे.

शेत विकायचा किंवा गहाण टाकायचा विचार चालला असेल तर थोडं थांबा. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारच्या पतहमी योजनेत (यात कर्जाची हमी सरकारी निधी घेतो) तारणाशिवाय मिळू शकतं. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा आणि तुमचं खातं आहे त्या बँकेच्या शाखेतही जाऊन भेटा. शाखाधिकारी तारण मागायला लागला तर ‘पतहमी योजनेत का बसत नाही ते लेखी द्या’ एवढंच म्हणा.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात विक्री विभागात आहे. वय ३१. नोकरी सोडता येणार नाही. दूरशिक्षणाची एमबीए पदवी बढतीला चालते का?

उत्तर : विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची मान्यता असेल तर चालते. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मान्यता सत्रागणिक बदलते, म्हणून ज्या सत्राला प्रवेश घ्याल त्याच सत्राची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासा. इग्नूच्या एमबीएमध्ये मार्केटिंग आहे आणि म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचीही एमबीए आहे. फी भरण्याआधी तुमच्या कारखान्याच्या एचआरकडून ही पदवी बढतीसाठी धरतात का, हे एका ओळीच्या ईमेलवर घ्या. तोंडी ‘हो’ म्हणणारा साहेब दोन वर्षांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही. प्रोजेक्टसाठी विषय दुसरीकडं शोधू नका. तुमच्या कारखान्याचा माल कोण घेतं, का घेतं आणि मागच्या वर्षी कुठलं गिऱ्हाईक का तुटलं, यावर करा. कारखान्याची परवानगी मात्र लेखी घ्या.